सोलापूरचं गणित मॉडेलात का बसत नाही?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सध्या कामानिमित्त जिल्ह्यांच्या आर्थिक वाढीची मॉडेलं चाळतोय आणि आपलं गाव दर वेळी खोडा घालतंय. म्हणून हा धागा.

मॉडेल थोडक्यात असं. ज्या भागात भांडवल कमी, तिथे त्यावरचा परतावा जास्त. मग पैसा तिकडे वळतो आणि मागे पडलेला भाग पुढच्याला हळूहळू गाठतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली याचा पाया घातला. पुढे बॅरो आणि साला-इ-मार्टिन या जोडीने अमेरिकेतली राज्यं, जपानचे प्रांत, युरोपातले प्रदेश तपासून वेगही काढला. वर्षाला साधारण २ टक्क्यांनी अंतर घटतं, म्हणजे निम्मं अंतर मिटायला सुमारे ३५ वर्षं.

आता सोलापूर बघा. रेल्वे १८६० ला आली. पहिली कापड गिरणी १८७७ ची. उजनी धरण १९८० चं. स्वतःचं विद्यापीठ २००४ पासून. पुण्याला जायला चौपदरी रस्ता, उशाला ६६० मेगावॉटचे दोन संच असलेलं वीज केंद्र, आणि पिढीजात विणकर. मॉडेलला जे जे लागतं ते सगळं हजर. तरी २००१ ते २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ८.७२ लाखांवरून ९.५१ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे ९ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. एवढं मोठं शहर राज्याच्या सरासरीच्याही खाली वाढत असेल, तर माणसं तिथून उठून दुसरीकडे जातायत हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

माझं म्हणणं आधीच मांडतो. एखाद्या भागात काय काय आहे हे आपण मोजतो. तिथे झालेला नफा पुढे कुठे मुरला, हे मोजत नाही. सोलापूरचा घोळ तिथे आहे.

पटत नसेल तर झोडा. फक्त "पुढाऱ्यांनी वाट लावली" एवढ्यावर थांबू नका. पुढारी सगळीकडे आहेत आणि पुणे तरी वाढलंच.

कन्ना चौक

वाचतोय. विमानतळ आणि त्याला आडवी आलेली साखर कारखान्याची चिमणी कितव्या प्रतिसादात येणार?

संपादक

चिमणीसाठी वेगळा धागा आहे आणि तो कुलूपबंद आहे. इथे नको.

अवकलन

धागा चांगला, पण मॉडेलवर अन्याय होतोय. सगळे प्रदेश एकाच पातळीला पोचतील असं सोलो कधीच म्हणाले नाहीत. बचतीचा दर, लोकसंख्यावाढ, कौशल्य, संस्था हे सारखं असेल तर अंतर मिटतं, नाहीतर ज्याची त्याची पातळी वेगळी. त्याला सशर्त अभिसरण म्हणतात. आणि मॉडेलचा दुबळेपणा खुद्द सोलो यांनीच १९५७ मध्ये दाखवला. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत कामाच्या दर तासामागचं उत्पादन जेवढं वाढलं, त्यातला साधारण सात-अष्टमांश भाग भांडवलवाढीतून निघत नव्हता. तो 'तंत्रप्रगती' या खात्यावर टाकावा लागला.

दुसरं, हे दुखणं एकट्या सोलापूरचं नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत हाच प्रश्न होता. चीनमधले प्रांत एकमेकांच्या जवळ येत असताना भारतातली राज्यं उत्पन्नाच्या बाबतीत लांब का जातायत? एकाच देशात, एका चलनात, माणसाला आणि मालाला अडवणारी सरहद्द नसताना. म्हणजे कोडं राष्ट्रीय आहे, सोलापूर हे त्याचं एक उदाहरण.

मोजपट्टी

अवकलन, मान्य. पण अटी वाढवत नेल्या की मॉडेल कधीच चुकत नाही. सोलापूर मागे राहिलं, का? तर त्याची पातळीच खालची. पातळी खालची का? कारण ते मागे राहिलं. यात आपल्या हाती काय लागलं?

भोंगा

नफा कुठे मुरला म्हणताय ना? मग जुन्या गिरणीपासून सुरुवात करू.

१८७७ ची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आपल्या तोंडी जुनी गिरणी. व्यवस्थापन मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांच्या पेढीकडे. कापूस आसपासचा, मजूर सोलापूरचा आणि तेलंगणातून आलेला, धूर सोलापूरच्या छातीत, आणि ताळेबंदाची शेवटची ओळ मुंबईत. नफ्यातून पुढे काय उभारायचं हे ठरवणारा माणूस या गावात राहतच नव्हता.

ही गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. गैरव्यवस्थापनाचं कारण देऊन १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यघटना लागू झाली. चिरंजितलाल चौधरी नावाच्या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि समानतेच्या हक्कावरचा एक अगदी सुरुवातीचा निकाल आपल्या गिरणीवरून लागला. कायद्याची पोरं आजही तो पाठ करतात. गिरणी काही त्याने सावरली नाही.

आता उलट बाजू. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. त्यांनी उभारलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी १९१९, बंगळुरूचा विमान कारखाना १९४०, विशाखापट्टणमची जहाज गोदी १९४१. साखर कारखान्याचं वालचंदनगर झालं ते इंदापूर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात. बंगळुरू विमान उद्योगाचं केंद्र का झालं याचं मॉडेल बांधणाऱ्या कुणी 'सोलापूरचा एक जैन व्यापारी' असा रकाना ठेवला असेल का?

कन्ना चौक

भोंगा काका, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू राहिल्या की.

भोंगा

त्यांचं वेगळं काय सांगायचं? नव्वदीपासून एकेक करून भोंगे बंद झाले. आकडे नाहीत म्हणून लिहीत नाही, बाकी गल्लीगल्लीत कुणाच्या तरी घरी थकलेल्या देण्याची पावती अजून सापडेल.

धोटा

मोजपट्टी सर, तुमचं ते मॉडेल घेऊन एकदा अक्कलकोट रोडला या. चहा माझ्याकडून.

आमचं चादरीचं काम. वडलांनी जुने माग घेतले, तेच अजून खडखडतायत. तुम्ही म्हणता भांडवल कमी म्हणजे परतावा जास्त. हाय की जास्त! पण त्याच्या मागची जोखीम कुणी धरायची? माझे माग धोट्याचे. त्यांची किंमत कवाच वसूल झाली. विकायला काढले तर भंगारात किलोवर जातील. म्हणजे ते चालवायला व्याज नाही, हप्ता नाही. रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचा नवा माग, बसवला तर कापड कितीतरी पट निघतंय, पण हप्ता दर महिन्याला ठरलेला. आणि चादर काय बारमाही खपत नाही, थंडीचा माल हाय. मंदीत माझे माग बंद ठेवले तर मी फक्त कमी कमावतो. रॅपियर बंद ठेवला तर बँकेचा माणूस दारात. माग सुधारायला केंद्राची योजना १९९९ ला आली, व्याजात सवलत होती. ज्याच्याकडं तारण आणि वर्षभराची ऑर्डर होती त्यानं घेतली, चांगलं केलं. आमच्यासारख्यानं लांबूनच हात जोडले.

गिऱ्हाईकाचं बघा. पानिपतचं मिंक ब्लँकेट पॉलिस्टरचं, मऊ, हलकं, चकचकीत. आमची सुती चादर जड, पण वीस वर्षं फाटत नाही. आता जी वस्तू वीस वर्षं फाटत नाही तिचं गिऱ्हाईक परत कधी येणार? तरी लग्नात, आहेरात चालायची. तिथं आता पाकीट देतात.

नावाचा घोळ तर विचारूच नका. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालेला हाय. तरी 'सोलापुरी' म्हणून कुठला कुठला माल फुटपाथवर विकला जातोय. आणि बाहेरच्यांना कशाला नावं ठेवायची? आमच्यातल्याच कुणी सूत हलकं वापरलं, रंग कच्चा मारला, तर पहिल्या धुण्यात रंग सुटतो आणि शिव्या सगळ्या शहराला बसतात. नफा एकट्याचा, बदनामी सगळ्यांची. नाव सगळ्यांचं हाय म्हणून राखायला कुणीच नाही.

मग चांगल्या वर्षी हातात पैसा आला त्याचं काय केलं? पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला. पोरगं तिथंच नोकरीला हाय. भाडं येतंय, वीज जात नाही, कामगार सुट्टी मागत नाही. कुणी विचारलं तर पुन्हा तेच करीन.

मोजपट्टी

धोटा भाऊ, दंडवत! तुमचा हा एक प्रतिसाद माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा भारी. मॉडेलमध्ये परतावा असतो, पण तो रोजच्या रोखीतून हप्ता फेडणाऱ्याला मिळणार की वर्षभर थांबू शकणाऱ्याला, हा भेद नसतो.

पूर्वभाग

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. गिरण्या आणि माग यांच्यावर सगळे भरभरून लिहितात, विड्यांवर कुणीच नाही लिहिलं म्हणून राहवलं नाही.

गिरण्या बंद पडल्यावर खरं तर शहर रिकामं व्हायला हवं होतं. मॉडेलही तेच सांगेल. एवढी रोजगारी गेली की माणसं उठून जातात. तशी काही गेलीही. पण पूर्व भाग रिकामा झाला नाही, कारण घरातल्या बाईचं काम सुरू होतं. अम्मा कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची. पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची. पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं. बघणाऱ्याला दिसायचं नाही इतक्या झपाट्याने विडी वळून दोरा बसलेला असायचा. मजुरी हजार विड्यांवर. द्यायला गेलं की तपासणारा काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. पान, तंबाखू आणि बोटं मात्र खर्ची पडलेली. तंबाखूने अम्माचा खोकला कधी गेला नाही, तेही कुठल्या उत्पन्नातून वजा झालं नाही.

या कामाला यंत्र नको, वीज नको, शेड नको. म्हणूनच ते टिकलं आणि म्हणूनच ते वाढलंही नाही. घर बुडू दिलं नाही, वरही येऊ दिलं नाही. पण एक गोष्ट झाली. रोकड बाईच्या हातात होती, आणि तिने ती पोरींच्या फीमध्ये घातली. बायांनी कामगार पुढारी आडम मास्तरांच्या युनियनमधून वर्षानुवर्षं लढून कुंभारीला १० हजार घरं मिळवली, ती २००६ मध्ये ताब्यात आली. पुढे रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प झाला, त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. असंघटित कामगारांनी एवढी घरं स्वतःच्या नावावर करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. कुठल्या मॉडेलने हे भाकीत केलं असतं?

मी नर्सिंग केलं. नोकरी पुण्यात. माझं शिक्षण सोलापूरच्या विड्यांवर झालं, माझं काम पुण्याच्या उत्पादनात मोजलं जातं. घरी पैसे पाठवते ते सोलापूरच्या जिल्हा उत्पन्नात येत नाहीत, कारण तिथे फक्त जिल्ह्यात काय तयार झालं ते मोजतात.

अवकलन

पूर्वभाग ताई, हा मुद्दा फार मोलाचा आहे. केरळचं अगदी हेच झालं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत राज्याचं उत्पादन रखडलेलं दिसायचं आणि घरं मात्र नवी व्हायची, दुकानं भरायची. आखातातून येणारा पैसा उत्पादनाच्या रकान्यात बसत नव्हता. मॉडेल केरळला आजारी म्हणत होतं आणि केरळ बाजारात खरेदी करत होतं.

माणदेशी

आमच्या सांगोल्याचं उलटं झालं बघा. तेबी लिवतो.

जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडं त्याच्याबी खाली. हिशोबानं आमी सगळ्यात मागं असाया पायजे हुतो. बऱ्याच गावात कॅनॉल न्हवता. मग पोरांनी डाळिंब लावलं. आदी गणेश जात, मागनं भगवा. ठिबक, शेततळं, तळ्यात प्लास्टिक. माल युरोपला गेला, बंगले झाले, दारात गाड्या आल्या. सरकारचं डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात केगावला २००५ ला झालं, पण त्याच्या आदीच बागा हुभ्या हुत्या. आदी बाग, मग संशोधन. तुमच्या मॉडेलात ह्ये उलटं आसतंय न्हवं?

मग तेल्या रोग आला. झाडं वाळवणारी मर आली. खोडाला बारीक भोकं पाडणारा किडा आला. बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. ज्यानं पैसा आल्याबरोबर सगळा पुन्ना डाळिंबातच घातला त्यो गेला. ज्यानं पोराच्या शिक्षणात, नायतर गावाबाहीरच्या जागंत घातला त्यो तगला. तवा पैसा बाहीर जातो म्हून लगीच बोट दाखवू नगा. कोरडवाहू माणूस एका जागी पैसा ठेवायला भितो, त्याला कारण हाय.

आन उजनीच्या कॅनॉलवाल्यांचं इचारा. तिथं पाणी आलं म्हंजी फळं, भाजी, दूध, कारखानदारी आसं सगळं यील म्हणत हुते. आला ऊस. जिल्ह्यात तिसाच्या वर साखर कारखाने. शेतकऱ्याचा काय दोष? उसाला कायद्यानं दर बांधलेला हाय, तोडून न्यायला टोळी येती, पडला झडला तरी काटा हुतो. ज्वारीला मंगळवेढ्याचं मोठं नाव हाय, जीआयबी हाय, पण बाजारात भाव पडला तर इचारनारा कोन? आन तेबी पाणी कसलं, भीमंतनं पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घिऊन येतंय. पुण्याचं सांडपाणी आमाला, आमची पोरं पुण्याला.

कन्ना चौक

शेवटचं वाक्य स्टेटसला टाकलं आहे, नाव देऊन.

ताळेबंद

व्यवसायाने सीए, नवी पेठेत ऑफिस. सगळे आकड्यांवर विश्वास ठेवून भांडताय, म्हणून आकड्याच्या पोटात काय असतं ते सांगतो.

जिल्ह्याचं उत्पन्न खालून मोजून वर जात नाही. शेतीचं बरंचसं जिल्ह्यातल्या पिकांवरून येतं. पण असंघटित उद्योग, व्यापार, वाहतूक यांचे राज्याचे आकडे घेऊन कामगारांची संख्या किंवा तसलाच काहीतरी निर्देशक लावून जिल्ह्यांत वाटणी करतात. म्हणजे धोटा साहेबांचा माग आणि पूर्वभाग ताईंच्या अम्मांची विडी कुणी जाऊन मोजलेली नसते. राज्याच्या सरासरीचा तुकडा सोलापूरच्या नावावर टाकलेला असतो. मग त्या आकड्यावर मॉडेल चालवायचं आणि 'सोलापूर अपेक्षेपेक्षा वेगळं वागलं' म्हणायचं.

वीज केंद्राचं उलट. त्याचं उत्पादन दणक्यात जिल्ह्याच्या खात्यावर चढतं आणि दरडोई आकडा फुगतो. वीज मात्र ग्रिडमध्ये जाते आणि कायमच्या नोकऱ्या त्या मानाने मोजक्या.

आता हद्द. तुळजापूर रोडला तामलवाडी आहे. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची कंपनी, तिचा एक कारखाना तिथे. आपल्या दृष्टीने गावाच्या वेशीवर, पण जिल्हा धाराशिव. उत्पादन तिकडे मोजलं जातं. उद्योगांना सवलती देताना राज्य सरकार तालुक्यांची वर्गवारी करतं. एका तालुक्याला जास्त, पलीकडच्याला कमी. रस्ता तोच, बाजार तोच, फक्त मैलाच्या दगडावरचं नाव बदलतं.

सगळ्यात भारी म्हणजे अनुशेषाचं, म्हणजे कुठला भाग किती मागे राहिला हे ठरवण्याचं राजकारण. दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा, वैधानिक विकास मंडळं १९९४ ची, त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. विदर्भ एक, मराठवाडा एक, आणि आपण 'उर्वरित महाराष्ट्र'. म्हणजे सांगोला आणि मंगळवेढा हे मुंबई-पुण्याबरोबर एका गठ्ठ्यात. गठ्ठ्याची सरासरी उत्तम, म्हणून आपणही श्रीमंत ठरलो. हे मॉडेलचं अपयश नाही, 'प्रदेश' कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्याचं आहे.

भोंगा

ताळेबंद साहेब, त्याच्याही मागे जा. आपल्या गावाची बाजारपेठ कधीच जिल्ह्यापुरती नव्हती. निजामाच्या हद्दीला लागून इंग्रजी मुलखातलं शेवटचं मोठं ठाणं. पलीकडे निजामाची करोडगिरी, म्हणजे त्यांची वेगळी जकात. सरहद्दीवरच्या व्यापारावर ही पेठ पोसली. सरहद्द गेली, पुढे भाषावार राज्यांत विजापूर-गुलबर्गा कर्नाटकात गेलं. गावाचा परीघ दोनदा बदलला.

दक्षिणायन

मी काही वर्षं तमिळनाडूत तिरुपूरला होतो, कापडाच्याच धंद्यात. तुलना करायचा मोह होतोय.

तिरुपूरही कोरडं. नॉय्यल नदी नावापुरती. बंदर नाही, मोठं उद्योगघराणं नाही. मॉडेलला विचाराल तर तिथून होजियरीची एवढी निर्यात होणं अशक्य. ती केली मुख्यतः गौंडर शेतकऱ्यांच्या पोरांनी. एक विणणार, दुसरा रंगवणार, तिसरा छापणार, चौथा शिवणार, पाचवा पेटीत भरणार. सगळे एकमेकांचे पाहुणे. एका शेडमध्ये नफा झाला की तो मेहुण्याच्या शेडमध्ये जायचा, गावाबाहेर नाही. २०११ मध्ये नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करायला लावले तेव्हा गाव हादरलं, पण नंतर पाणी पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरायची यंत्रणा उभी करून सावरलं. तीही बरीचशी सामायिक.

इटलीतलं प्रातो असंच. युद्धानंतर तिथल्या मोठ्या लोकर गिरण्या फुटल्या आणि कामगारांनीच छोटे छोटे माग घेतले. पुस्तकी हिशोबाने मोठ्या कारखान्यांपुढे ते टिकायला नको होते. ऐंशीच्या दशकापर्यंत जगाला कापड विकत होते.

सोलापुरातही गिरण्या फुटून माग झाले. फरक माझ्या मते असा, की तिरुपूरला प्रत्येक हंगामात नवा माल मागणारा परदेशी खरेदीदार होता, त्याच्यामागे पळायला शेजाऱ्याची मदत लागायची. चादरीची नक्षी वर्षानुवर्षं तीच, विकणारा व्यापारी तोच. शेजारी मदतनीस न राहता फक्त स्पर्धक राहिला. आपल्याकडे गणवेशाचा धंदा मात्र वेगळ्या वळणाने चाललाय. कापणारा, शिवणारा, भरतकाम करणारा वेगळा, आणि शाळा दर वर्षी नव्या. तिकडे लक्ष ठेवा.

धोटा

हे बरोबर. माझा मेहुणा गणवेशात हाय आणि वाकडला फ्लॅट न घेता त्यानं आणखी मशिनी घेतल्या. घरात रोज भांडण, शहाणा कोण म्हणून.

आठची गाडी

रस्ते-रेल्वे झाले की विकास होतो म्हणणाऱ्यांसाठी. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून भरून जाते, संध्याकाळी पुण्याहून परत येते. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. सोय झाली, वादच नाही. पण पूर्वी डॉक्टर, मोठं दुकान, कॉलेज, वकील हे सगळं इथेच बघायचो. आता लग्नाचा बस्ताही पुण्यात. इटलीच्या दक्षिण भागाचं हेच उदाहरण अर्थशास्त्रात देतात. उत्तरेशी रेल्वेने जोडल्यावर दक्षिणेतले लहान कारखाने उत्तरेच्या मालापुढे टिकले नाहीत. पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये याचं गणितच मांडलं. वाहतूक फार महाग असेपर्यंत लहान गावाला आपोआप संरक्षण असतं. ती स्वस्त झाली की उद्योग मोठ्या बाजाराजवळ गोळा होतात. पुढच्या मॉडेलांत असंही निघालं, की अगदीच स्वस्त झाली तर पुन्हा पांगू शकतात. आपण मधल्या टप्प्यात अडकलोय.

अवकलन

मोजपट्टी, आता तुमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. नफा बाहेर जातो हे कारण आहे की लक्षण? घरात परतावा चांगला असता तर धोटा भाऊ वाकडला गेले असते का?

मोजपट्टी

हाच खरा प्रश्न. माझं उत्तर असं की काळ बघावा लागेल. वाकडचा फ्लॅट हे लक्षण आहे, मान्य. पण भोंगा काकांनी सांगितलेला काळ घ्या. गिरण्या नफ्यात होत्या, गाव वाढत होतं, परतावा चांगला होता, तेव्हाही निर्णय मुंबईच्या पेढीत होत होता. त्यामुळे गिरणीला लागणारी यंत्रं, सुटे भाग, रंग बनवणारा दुसरा थर गावात पुरेसा तयारच झाला नाही. मग गिरणी पडली तेव्हा धरायला काही नव्हतं, परतावा घसरला, आणि त्यानंतर गावातला पैसाही गावाबाहेर बघू लागला. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये याला साखळी म्हटलं, एकदा उतार लागला की प्रत्येक पाऊल पुढच्याला खाली ओढतं. पहिलं पाऊल कारण, पुढची लक्षणं, आणि प्रत्येक लक्षण पुढच्या पावलाचं कारण.

उलटा पुरावाही गावातच आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ ची. मोटारीचं इंजिन बनवणारा कारखाना जवळपास नसताना सोलापुरात कॅमशाफ्ट ओतायचे, ही कल्पना कुठल्या मॉडेलने दिली नसती. मालक गावात, निर्णय गावात, पुढचा शेडही गावात.

माणदेशी दादांचा मुद्दा मात्र माझ्या मांडणीला छेद देतो. पैसा बाहेर ठेवणं हा दुष्काळी भागातला विमा आहे. तो नसता तर तेल्याने अख्खी घरं बसली असती. म्हणजे बाहेर गेलेला प्रत्येक रुपया 'गळती' नाही. दोन्ही वेगळे कसे काढायचे, सुचतंय का कुणाला?

ताळेबंद

एक मार्ग आहे. बँकांच्या ठेवी आणि कर्जं जिल्हावार रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. सोलापूरच्या ठेवी किती, त्यातलं सोलापुरात कर्ज किती, याचं गुणोत्तर काढा. पुण्याशी, कोल्हापूरशी ताडून बघा.

अवकलन

साखर कारखान्यांची कर्जं त्यात धरली की गुणोत्तर झकास दिसेल आणि आपण खूश होऊ. ती बाजूला काढावी लागतील. शिवाय कर्ज इथे मंजूर होऊन वापर दुसरीकडे झाला तर?

ताळेबंद

तेही वेगळं देतात, मंजुरीचं ठिकाण आणि वापराचं ठिकाण. घरकर्जात कितपत नीट भरतात देव जाणे.

धोटा

माझं कर्ज सोलापूरच्या शाखेतनं, फ्लॅट वाकडला, हप्ता चादरीतनं. मला कुठल्या रकान्यात टाकणार बे?

मोजपट्टी

मंजुरी सोलापूर, वापर पुणे. हप्त्यासाठी रकानाच नाही. तोच हवा होता. कोल्हापूर आणि सांगलीचे तक्ते काढतो, दोन दिवसांत इथेच टाकतो. इचलकरंजीचं कुणी असेल तर मागांच्या कर्जांबद्दल लिहा.